येवले बाईंचं झालंय

"बाई, तुमचं हयातीचं झालं का हो?"

इंदूनं फाटकाची कडी काढली नव्हती. बाहेरूनच विचारत होती. एका हातात मोबाइल आणि पलीकडच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यावर दुसऱ्या हाताचा तळवा दाबलेला. तिच्या पदराचं टोक धरून वर्षा उभी होती. सकाळचे अकरा वाजले असतील. मी पायरीवर बसून मेथी निवडत होते.

"कुणाचा फोन आहे?"

"पेन्शन ऑफिसचा, पुण्याहून. म्हणतोय, तुमचा दाखला पोचला नाही, महिनाअखेर पेन्शन बंद पडंल. मोबाइलवर नंबर येईल तेवढा सांगा म्हणतोय. मी म्हटलं, थांबा, आमच्या येवले बाईंना विचारते. तर तो म्हणाला, कराडच्या प्रमिला येवले मॅडम ना? त्यांचं मागच्या आठवड्यातच करून दिलं की!" इंदू हसली. "तुमचं नाव बघा कुठवर गेलंय. झालंय ना तुमचं?"

"हो," मी म्हटलं. "झालं."

"मग देते नंबर. लाइनीवरच थांबलाय बिचारा."

माझ्या फाटकापासून तिच्या दारापर्यंत चाळीसेक पावलं असतील. ती फोन कानाला लावून बोलत बोलत गेली, मागं वर्षा. मी तिला हाक मारली नाही.

ही इंदू म्हणजे इंदुबाई डुबल. तिचे यजमान एसटीच्या वर्कशॉपला होते. ते गेल्यापासून तिला त्यांची पेन्शन मिळायची. वर्षा तिची एकुलती एक लेक. वयानं चाळिशीची, पण समज सात-आठ वर्षांच्या पोरीएवढी. स्वतःची वेणी घालता यायची, ताट घेऊन जेवता यायचं, रस्ता मात्र एकटीनं ओलांडता यायचा नाही. यजमानांचा फंड आणि मळ्यातल्या तुकड्याचे आलेले पैसे इंदूनं मोडले नव्हते. ते वर्षासाठी होते. स्वतःची मोतिबिंदूची शस्त्रक्रिया तिनं दोन वर्षं पुढं ढकलली, पण त्या पैशाला हात लावला नाही.

आणि मी एकतीस वर्षं पोस्टात होते. शेवटची नऊ वर्षं बचत खात्याच्या खिडकीवर. निवृत्त झाल्यावरही गल्लीतली, पेठेतली म्हातारी माणसं कागद घेऊन माझ्याकडं यायची. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, त्याला सगळे हयातीचं म्हणतात. तो भरून द्यायला, बँकेत सोबत जायला मी असायची. कुणाचा अंगठा मशिनवर उमटायचा नाही, कुणाचं नाव चुकलेलं असायचं. मला त्याचा कंटाळा नव्हता. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. लग्न झालेलं नाही, भाऊ पुण्यात, आई-वडील गेलेले. 'येवले बाईंना विचारा' एवढंच काय ते माझं गणगोत.

इंदू आली त्या बुधवारच्या आधी आठ दिवस, मंगळवारी, तोच माणूस माझ्याशी बोलला होता.

आवाज तरुण, बोलणं अदबीचं, शुद्ध मराठी. माझ्या पेन्शनच्या पुस्तकाचा नंबर त्यानं मला वाचून दाखवला. निवृत्तीची तारीख सांगितली. "मॅडम, तुम्ही स्वतः खात्यातल्या, तुम्हाला मी काय सांगायचं?" असं म्हणाला. त्या वाक्यानं मी फसले, असं मला आजही वाटतं. त्यानं एक अ‍ॅप घ्यायला लावलं. फोनच्या पडद्यावर बारीक अक्षरं येत राहिली. मग नंबर आला, तो मी वाचून दाखवला. मग आणखी एक. मग पैसे गेल्याचा मेसेज आला. दोन लाख दहा हजार.

"घाबरू नका मॅडम," तो म्हणाला. "पडताळणीसाठी रक्कम वळती केलीय. सात कामाच्या दिवसांत परत जमा होईल. मध्ये कुणाशी बोललात तर फाइल अडकेल."

खिडकीवर बसून मी किती जणांना सांगितलं असेल, असं कधी होत नसतं म्हणून. तरी मी सात दिवस मोजले. बँकेत गेले नाही, पोलिसांत गेले नाही. भावाच्या मुलाचा, नितीनचा, रविवारी फोन आला तेव्हा "सगळं ठीक" म्हटलं. तो मागं लागलाच होता, "आत्या, आता तुला झेपत नाही, पुण्याला ये, पासबुकं माझ्याकडं दे." त्याच्या मनात पाप नव्हतं. पण त्याच्या हातात पासबुक देऊन त्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, दिवाणावर उरलेलं आयुष्य काढायचं, हे मला नको होतं.

म्हणून मी म्हटलं, हो, झालं. इंदूला 'नाही' म्हटलं असतं तर 'मग तो तुमचं नाव कसं घेतो' हा प्रश्न आलाच असता. आणि एक गोष्ट आणखी आहे, ती सांगायला मला लाज वाटते. पुण्याचं ऑफिस अजून लोकांना फोन करतंय हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. म्हणजे ऑफिस आहे. म्हणजे पैसे येतील.

मला माहीत होतं. आत कुठंतरी पक्कं माहीत होतं.

एक वाजता इंदू धावत आली. चपला नव्हत्या. कडी काढायची तिला सुधरेना, फाटक नुसतं हलवत राहिली.

"बाई, मेसेज आलाय. हे काय आलंय बघा. हे काय लिहिलंय?"

मी वाचलं. तीन लाख साठ हजार. दोन मेसेज, चार मिनिटांच्या अंतरानं.

"परत येणार ना हे?" ती म्हणाली. "तो म्हणाला सात दिवसांत येतील. तुमचे आले ना?"

मी चप्पल घातली. म्हटलं, "आधी बँकेत चल."

त्या दिवशी मी धावले ते खरं. रिक्षात बसेपर्यंत माझ्या पायांत इतका जोर कुठून आला कुणास ठाऊक. बँकेतल्या साहेबांना मी बसू दिलं नाही. खातं बंद करा, पैसे कुठं गेले ते बघा, पुढच्या बँकेला कळवा, एकामागून एक सांगत सुटले. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही शहाण्या म्हणून वेळेत आलात. लोक लाजंपायी आठ-आठ दिवस येत नाहीत, तोवर सगळं संपलेलं असतं." इंदूनं माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला आणि अर्ज लिहायला लागले.

तिथून पोलीस ठाणं. एका बाकावर आम्ही तिघी. वर्षाला भूक लागली होती, ती इंदूच्या खांद्यावर डोकं आपटत होती. टेबलापलीकडं एक हवालदार बाई होत्या, पस्तिशीच्या. शांतपणे विचारत होत्या, लिहीत होत्या.

"त्याला तुमचं नाव माहीत होतं?"

"होतं की. इंदू डुबल पेन्शन, असंच म्हणाला."

बाईंनी पेन थांबवलं. "असं कसं? 'पेन्शन' कशाला जोडलं त्यानं नावाला?"

"काय माहीत. मला वाटलं, त्यांच्याकडं तशीच नोंद असंल."

माझ्या फोनमध्ये नावं तशी होती. इंदू डुबल पेन्शन. थोरवडे ड्रायव्हर पेन्शन. हुसेनभाई पेन्शन. नोव्हेंबरात कुणाला विसरायला नको म्हणून मीच तशी घातलेली. सतरा नावं. त्या मंगळवारी पडद्यावर बारीक अक्षरं येत होती तेव्हा त्या अ‍ॅपमधून तो माझी नावांची वहीच वाचत होता, आणि मी त्याला धन्यवाद म्हणत होते.

"नंबर सांगायच्या आधी कुणाला विचारलं होतं का?" हवालदार बाईंनी विचारलं. "घरात, शेजारी?"

इंदूनं टेबलाच्या कडेवरचं काहीतरी नखानं खरवडलं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या मनानंच दिला."

मी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली सही करायला सांगितली. इंदू सावकाश, एकेक अक्षर जोडत सही करते. ती होईपर्यंत मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. सव्वाचार झाले होते.

पाच वाजता कृष्णेच्या घाटावरच्या बागेत ज्येष्ठ नागरिक संघ जमतो. जमतो म्हणजे वीस-पंचवीस माणसं, थोडा व्यायाम, थोड्या गप्पा, महिन्यातून एकदा कुणाचंतरी भाषण. माझ्या सतरांतले बहुतेक तिथं असायचे. मी इंदूला म्हटलं, "तू घरी जा. वर्षाला जेवायला घाल." आणि रिक्षा घाटाकडं वळवायला सांगितली.

"मी पण येते," इंदू म्हणाली. "घरात जाऊन काय करू? भिंती बघू?"

नको म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. रिक्षावाल्यानं वाटेत वर्षासाठी केळी घ्यायला गाडी थांबवली. ती दोन केळी खाऊन गप्प झाली.

बागेत गेलो तेव्हा थोरवडे बाकावर उभे राहून गोष्ट सांगत होते. पूर्वी एसटीत ड्रायव्हर, आवाज अजून घाटातल्या हॉर्नसारखा. मला बघून म्हणाले, "या, या येवले बाई! शंभर वर्षं आयुष्य आहे. आत्ताच तुमचं नाव निघालं. मला पण फोन आला बघा दुपारी, पेन्शनचा. मी गाडी धूत होतो नातवाची, म्हटलं सहाला करा. तो म्हणाला, येवले मॅडमचं झालंय, डुबल मावशींचं झालंय, आता तुमचंच राहिलंय."

"थोरवडे, खाली बसा," मी म्हटलं.

"का ओ?"

"बसा. सगळेच बसा. मला बोलायचंय."

बाजूला लोखंडे हेडमास्तर होते, संघाचे अध्यक्ष. गेल्याच महिन्यात त्यांनी ह्याच विषयावर व्याख्यान ठेवलं होतं आणि शेवटी म्हणाले होते, लोभ आणि मूर्खपणा असल्याशिवाय कुणी फसत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. ते म्हणाले, "बाई, अजेंड्यावर आज..."

"मास्तर, अजेंडा राहू द्या. सहा वाजायला अर्धा तास आहे."

मी खिडकीमागून आयुष्यभर बोलले होते. समोर काच नसताना बोलायची सवय नव्हती. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून मी शेवटच आधी सांगितला.

"तो फोन खोटा आहे. त्यानं माझे पैसे नेलेत. मागच्या मंगळवारी. मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या फोनमधून त्यानं तुमची सगळ्यांची नावं घेतलीत."

घाटाखाली कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढा आवाज.

"आज सकाळी इंदू मला विचारायला आली होती," मी म्हटलं. "फोन चालू असताना. तिनं विचारलं, तुमचं झालं का. मी हो म्हटलं."

"काय म्हणता?" थोरवडे म्हणाले.

"मी हो म्हटलं, म्हणून तिनं नंबर दिला. वर्षाचे पैसे होते ते."

मी इंदूकडं बघितलं नाही. बाकीचे सगळे तिच्याकडंच बघत होते. हुसेनभाईंची बायको माझ्या शेजारी बसली होती. ती उठली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. ते मला अजून आठवतं. रागानं उठली की इंदूजवळ बसायला, मी कधी विचारलं नाही.

थोरवड्यांनी खिशातून फोन काढला आणि निखारा असावा तसा बाकावर ठेवून दिला. "आता मी काय करू?" एवढा मोठा माणूस, आवाज बारीक झाला होता. "सहाला येईल की ओ त्याचा."

"येऊ दे," मी म्हटलं. "आपण सगळे इथंच बसू. कुणी उचलायचा नाही. माझ्याकडच्या उरलेल्या सगळ्यांना आत्ता, इथूनच कळवायचं. नावं मी सांगते."

तेव्हा लोखंडे मास्तर बोलले. चष्मा काढून पुसत होते.

"माझेही गेलेत. मार्चमध्ये. विजेच्या बिलाचा फोन होता."

त्यांची बायको शेजारी होती. तिनं मान वळवून त्यांच्याकडं असं बघितलं, की तिलाही ते आत्ताच कळत होतं.

"म्हणून व्याख्यान ठेवलं होतं," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, दुसऱ्याला मूर्ख म्हटलं की..." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

त्या संध्याकाळी आणखी दोघांनी सांगितलं. एकीनं तर तीन वर्षांपूर्वीचं सांगितलं. सहा वाजून चार मिनिटांनी थोरवड्यांचा फोन वाजला. वाजत राहिला. आम्ही वीसजण त्याच्याभोवती बसलो होतो. कुणी हात लावला नाही. बंद पडला, पुन्हा वाजला. वर्षाला गंमत वाटली, तिनं टाळी वाजवली. मग तो थांबला.

मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना इंदू पुढं, वर्षा तिच्या हाताला, मी मागं. चावडी चौकापर्यंत आम्ही तशाच गेलो. तिथं रस्ता ओलांडायचा होता. इंदूनं न बघताच वर्षाचा दुसरा हात माझ्याकडं केला, रोज करायची तसाच. मी तो धरला. ओलांडून झाल्यावर ती थांबली.

"मला तिथंच कळलं होतं," ती म्हणाली. "बँकेत. साहेब म्हणाले की नाही, लोक लाजंपायी येत नाहीत. तेव्हा तुम्ही माझा हात सोडवलात."

"मग ठाण्यात का नाही सांगितलंस? विचारलं होतं त्यांनी."

"सांगून काय झालं असतं?"

"माझं नाव लागलं असतं. लागायला पाहिजे होतं."

इंदूनं वर्षाच्या तोंडाला लागलेलं केळं पदरानं पुसलं.

"पैसे तर गेले होते, बाई. तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही पण गेला असता. तोंड लपवून पुण्याला भाच्याकडं गेला असता. मी बसून हिशेबच केला तिथं बाकावर. उद्या मी डोळे मिटले, तर ह्या पोरीनं कुणाचं दार वाजवायचं? माझ्या दिराचं? तो दाराला कुलूप लावील. पेठेत ती एकट्या तुमच्या घरात न सांगता जाते. चुलीपर्यंत जाते. पैसे नसले तर ती कसंतरी खाईल. दार नसलं तर काय करंल?"

मला रडू आलं. तिला आवडलं नाही.

"रडू नका. आणि मी माफ केलंय असं पण समजू नका. मला अजून तुमच्याकडं बघवत नाही."

तिनं ते खरं केलं. दोन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. वर्षा यायची, बसायची, डब्यातले शेंगदाणे खायची आणि जायची. इंदू फाटकाशी थांबून हाक मारायची, आत यायची नाही.

इंदूनं दोन तासांत तक्रार केली म्हणून तिचे एक लाख चाळीस हजार कुठल्याशा परराज्यातल्या खात्यात अडकले होते, ते अकरा महिन्यांनी परत आले. बाकीचे नाही. माझे एकही आले नाहीत. मी नितीनला सगळं सांगितलं. तो ओरडला, मग म्हणाला, "आत्या, तू तिथंच राहा. पण दर रविवारी मला खरं सांगायचं." बागेत आम्ही एक पद्धत पाडली. दोन-दोनांच्या जोड्या. पैशाचा फोन आला की आधी ठेवायचा आणि मग आपल्या जोडीदाराच्या घरी चालत जायचं. फोन करायचा नाही, चालतच जायचं. चालता चालता डोकं थंड होतं, हे थोरवड्यांचं म्हणणं. आणि कुणाचं काही गेलं तर त्यानं त्याच संध्याकाळी सांगायचं. हसणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पहिला चहा थोरवड्यांनाच पाजावा लागला.

संघातल्या माणसांनी इंदूसाठी वर्गणी काढायची ठरवली तेव्हा ती नको म्हणाली. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेला मात्र तिनं लोखंडे बाईंना सोबत नेलं. मला नाही.

त्या नोव्हेंबरानंतरच्याच फेब्रुवारीत एका सकाळी ती फाटक उघडून आत आली. नवं, इस्त्रीचं लुगडं नेसलेली.

"आधार कार्ड घ्या. साताऱ्याला जायचंय."

"कशाला?"

"कलेक्टर कचेरीत. वर्षाच्या पालकाचा अर्ज करायचाय. माझ्यामागं कोण, ते आत्ताच लिहून ठेवायचं म्हणतात."

एसटीत ती खिडकीशी बसली, वर्षा मध्ये, मी कडेला. उंब्रज गेलं, अतीत गेलं, तिची नजर बाहेरच होती. कचेरीत जिना चढताना तिला धाप लागली. मी पिशवी घेतली, ती तिनं घेऊ दिली.

टेबलावरचा कारकून अर्ज भरत होता. वर्षाचं नाव, वय, दाखला. मग माझं नाव. मग त्यानं पेन थांबवून इंदूकडं बघितलं.

"ह्यांचं तुमच्याशी नातं काय?"

"नात्यातल्या नाहीत."

"नात्यातलं कुणी नाही तुम्हाला?"

"आहेत. म्हणून तर ह्यांना आणलंय."

कारकून हसला. "बरं. पण रकान्यात काहीतरी लिहायला पाहिजे. काय लिहू? मैत्रीण?"

इंदूनं बराच वेळ लावला. मागं रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली. वर्षा माझ्या बांगड्या फिरवत होती. मी इंदूकडं बघत होते, आणि तिनं पहिल्यांदाच, अडीच महिन्यांत पहिल्यांदाच, माझ्याकडं नीट, सरळ बघितलं.

"शेजारीण लिहा," ती म्हणाली.

कारकुनानं लिहिलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. मी सही केली.